शर्यत पुढच्या वर्षीही असते

नाशिकच्या माणसाला विमानाच्या आवाजाचे नवल नाही. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला. तेथे आधी मिग तयार झाली, पुढे सुखोई. आमच्या वस्तीतील कितीतरी घरांतून माणसे त्या कारखान्यात कामाला गेली. कोणी फिटर झाला, कोणी वेल्डर, कोणी कॅन्टीनमध्ये लागला, कोणी ठेकेदाराकडे झाडलोट करू लागला. विमान बनवणारे हात आमच्यात होतेच. परंतु ते चालवणारे हातही आमच्या घरातून निघू शकतात, ही गोष्ट वस्तीच्या मनात उतरायला पुष्कळ वर्षे लागली.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी आज हैदराबादजवळ दुंडीगल येथे हवाई दलाच्या अकादमीत वैमानिकाचे शिक्षण घेत आहे. तिचे कौतुक करावे म्हणून मी हे लिहीत नाही. कौतुकाचे फलक वस्तीत पुष्कळ लागले. त्या फलकांच्या मागे जे घडले, त्यातून आपल्या घराघरांतील आईबापांना घेण्यासारखे काही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही मुलगी मुळात धावपटू. आमच्या विहारामागच्या मैदानावर पहाटे पाच वाजल्यापासून पोरे पळतात. पोलीस भरतीसाठी मुलगे १६०० मीटर, मुली ८०० मीटर. अग्निवीर भरतीसाठीही पळतात, जिथे चार वर्षांनंतर चारांपैकी एकालाच पुढे ठेवून घेण्याची तरतूद आहे. पळण्याला फी नाही, क्लब नाही, कोणाची शिफारस नाही. गरिबाच्या मुलाला परवडणारा एवढा एकच खेळ. आमची भाची नववीत असताना या पोरांच्या मागे पळू लागली. पोरे १६०० मीटरला थांबत, ती थांबेना. पाच किलोमीटर, दहा, आणि कॉलेजात गेल्यावर २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन.

पळता पळता तिला दुसराही ध्यास लागला. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र होते, पुढे बी.एस्सी. केले. एन.सी.सी.त असताना तिला कळले की, पदवीधर मुलगा वा मुलगी 'एफकॅट'ची परीक्षा देऊन हवाई दलात अधिकारी होऊ शकते. ही माहिती आमच्यापैकी कोणालाही नव्हती. लेखी परीक्षा, मग निवड मंडळापुढे पाच दिवस, मग वैमानिकाच्या योग्यतेची संगणकावरील चाचणी. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. त्यानंतर डोळ्यांपासून पायांच्या लांबीपर्यंत सारे मोजणारी वैद्यकीय तपासणी. या सगळ्यातून ती पार पडली आणि जुलैत अकादमीत दाखल झाली.

जाण्याआधीच तिने वस्तीला एक शब्द देऊन ठेवला होता. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन असते. २००४ सालापासून ती भरते. पूर्ण अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. ते पळणारी वस्तीतील पहिली मुलगी मी होईन, असे ती म्हणाली होती. मंडळाच्या तरुणांनी ते मनावर घेतले. वीस-पंचवीस जणांनी मुंबईला जायचे, निळे झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, असे ठरले. पोरगी वैमानिकही होणार आणि ४२ किलोमीटरही पळणार! कोणाची छाती फुगणार नाही?

परंतु शरीर एकच असते आणि दिवसाचे तासही चोवीसच.

अकादमीतील सुरुवातीचे महिने कवायत, व्यायाम आणि वर्गाचे असतात. विमान हवेत कसे टिकते, ढग कसे बनतात, दिशा कशी काढायची, इंजिन कसे चालते, हे सारे शिकावे लागते. त्यानंतर प्रत्यक्ष उड्डाण. पहिल्या टप्प्याला पिलाटस या स्विस कंपनीचे विमान असते. ही विमाने २०१३ पासून आपल्या हवाई दलात आहेत. संकट आले तर कोणत्या क्रमाने काय करायचे, हे झोपेत विचारले तरी सांगता आले पाहिजे. मुले खोलीत खुर्चीवर बसतात, डोळे मिटतात आणि हात हलवून मनातल्या मनात अख्खे उड्डाण करतात. ज्याची झोप अपुरी, त्याची चूक हवेत होते.

लांब पळणे आणि उड्डाण यांचे नातेही मला वाटले होते तेवढे सरळ नाही. विमान जोरात वळते तेव्हा अंगावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. त्याला 'जी' म्हणतात. पाच जी म्हणजे ५० किलोच्या मुलीला २५० किलोचा भार. रक्त पायांकडे ओढले जाते, डोळ्यांपुढचे करडे होऊ लागते आणि भार टिकला तर शुद्धही जाऊ शकते. त्यावर उपाय म्हणून मांड्या, पोटऱ्या आणि पोट आवळून, ठरावीक रीतीने श्वास घ्यायचा असतो. त्याला स्नायूंची ताकद लागते. ती नुसती मैलोन्‌मैल पळून येत नाही. उलट, फार लांब पळणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मंद आणि रक्तदाब कमी असण्याकडे कल असतो. अशांना हा भार सोसणे काहीसे जड जाऊ शकते. म्हणून दम टिकेल इतकेच पळा आणि ताकदीचा व्यायाम सोडू नका, असे विमानवैद्यक सांगते. या शास्त्रासाठी बंगळूरला १९५७ साली हवाई दलाची स्वतंत्र संस्था सुरू झाली. माणसाला गोल फिरवून हा भार अंगावर आणणारे यंत्रही तेथे आहे.

दुसरी गोष्ट दुखापतीची. अकादमीत जाण्यापूर्वीच, मार्चमध्ये, भाचीची नडगी दुखू लागली होती. आठवड्याचे अंतर तिने फार भराभर वाढवले होते. डॉक्टरांनी सांगितले की, हाड अजून शाबूत आहे, पण असेच चालू राहिले तर त्याला बारीक चीर पडेल आणि मग दीड-दोन महिने पळणे बंद. घरी असताना दीड-दोन महिने म्हणजे काही नाही. पण शिक्षणाच्या ऐन दिवसांत तेवढे दिवस गेले तर माणूस आपल्या तुकडीच्या मागे पडतो, त्याला पुढच्या तुकडीबरोबर बसावे लागते. शिवाय पळणारे लोक दुखले की वेदनेची गोळी घेतात. वैमानिकाला डॉक्टरला न विचारता साधी गोळीही घेता येत नाही.

सप्टेंबरात एका रविवारी तिचा फोन आला. ४२ किलोमीटरच्या तयारीला आठवड्याला ६० किलोमीटर तरी पळावे लागेल. रविवारी ३० किलोमीटर पळाले तर सोमवारी वर्गात डोळे मिटतात. आणि शर्यतीचा दिवस नेमका उड्डाण सुरू होण्याच्या सुमारास. तिने हे सगळे हिशेबासारखे मांडले आणि म्हणाली, "मामा, माझं ठरलंय. यंदा नाही पळणार. पण मंडळाला काय सांगायचं? म्हणतील, गेली आणि हरली."

मला त्या शेवटच्या वाक्याने अस्वस्थ केले. शर्यत सोडण्याचे दुःख तिला फारसे नव्हते. भीती होती ती लोक काय म्हणतील याची. आपल्यातून जो पहिला कोठे पोहोचतो, त्याच्यावर हे ओझे नेहमीच पडते. इतरांच्या मुलाने एक गोष्ट नीट केली तरी पुरते. आपल्या मुलाला वाटते, मला दोन करून दाखवल्या पाहिजेत, तेव्हा कुठे एक मोजली जाईल.

हे ओझे आपल्याच वाट्याला आले असे नाही. अमेरिकेत काळ्या माणसाला विमान चालवता येणार नाही, असे गोऱ्या अधिकाऱ्यांचे मत होते. तरीही १९४१ च्या जुलैत अलाबामातील टस्कीगी येथे काळ्या तरुणांची पहिली तुकडी वैमानिकाचे शिक्षण घेऊ लागली. तेरा जण होते. मार्च १९४२ मध्ये त्यांतील पाच उत्तीर्ण झाले. त्या तेरा जणांवर साऱ्या समाजाची नजर होती. १९४६ पर्यंत तेथून सुमारे एक हजार वैमानिक बाहेर पडले आणि १९४८ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा आदेश काढला. त्याच १९४६ साली परमपूज्य बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते. त्या पाच जणांनी आणखी काही करून दाखवले की नाही, हे आज कोणी विचारत नाही. त्यांनी विमान चालवले, तेवढे पुरले.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर मी विहारात हा विषय काढला. तरुण नाराज झाले. एक जण म्हणाला, जिद्द असेल तर दोन्ही होते. तेव्हा मी सोण कोळिविस या भिक्खूची गोष्ट सांगितली. हा श्रीमंत घरातला, कोमल पायांचा तरुण. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात चालत ध्यान करताना त्याने एवढा अट्टहास केला की, पाय फुटून वाटेवर रक्त सांडले. तरी मन शांत होईना, म्हणून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तेव्हा तथागत त्याच्याकडे गेले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तार फार ताणली तर वाजते का, फार सैल सोडली तर वाजते का, एवढेच त्यांनी त्याला विचारले. तथागतांनी त्याला चालणे सोडायला सांगितले नाही, तार जुळवायला सांगितली.

सभेत मागे बसलेल्या एका आजींनी शेवट केला. त्या म्हणाल्या, "पोरीला तिथं कशाला धाडलंय? विमान शिकायला ना? मग शिकू द्या की निवांत. शर्यत काय, पुढच्या साली पण असती." सगळे हसले आणि मुंबईचा बेत मोडला.

भाचीने पळणे मात्र सोडले नाही. सकाळच्या व्यायामाव्यतिरिक्त आठवड्यातून दोनदा पाच-सहा किलोमीटर आणि रविवारी बारा किलोमीटर, तेही बोलता बोलता पळता येईल अशा संथ गतीने. दोन दिवस बैठका, दंड आणि पोटाचा व्यायाम. रात्रीच्या झोपेत काटछाट नाही. डिसेंबरच्या सुटीत घरी आली तेव्हा बहिणीने तिला बाजरीची भाकरी, सुकट, चवळी, अळिवाचे लाडू असे खाऊ घातले. लांब पळणाऱ्या मुलींचे रक्त कमी होते, हे आता बहिणीलाही पाठ झाले आहे. मार्चमध्ये भाचीने पहिले एकटीचे उड्डाण केले. शेजारी शिक्षक नाही, विमानात आपण एकटे. त्या संध्याकाळी फोनवर ती फार बोलली नाही. एवढेच म्हणाली, "मामा, उतरल्यावर पाय कापत होते."

क्रम पाळणाऱ्याचे धावणे वाया जात नाही, याचा मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. ही रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली तेव्हा बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. साबळेने आधी सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे ऊन सोसत शिपायाची नोकरी केली. २०१५ च्या सुमारास तो लष्कराच्या शर्यतींत उतरला. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य आणि २०२३ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. एका वेळी एक, पण दोन्ही पुरते केले.

आईबापांना माझे सांगणे एवढेच. पहाटे मैदानावर पळणाऱ्या आपल्या मुलामुलींना १६०० मीटरच्या पुढेही दारे आहेत, हे त्यांना दहावीतच सांगा. वैमानिक व्हायचे तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. मुलींना प्रबोधिनीचे दार २०२२ साली उघडले आणि २०२५ साली खडकवासल्याहून त्यांची पहिली तुकडी बाहेरही पडली. त्याआधी २०१६ साली तीन मुली लढाऊ वैमानिक झाल्या. मुले त्या दारातून आत गेली की मग त्यांच्यावर आपल्या हौसेचे ओझे टाकू नका. त्यांना पुरते झोपू द्या, पोटभर खाऊ घाला, आणि "एवढेच का?" असे विचारू नका.

४२ किलोमीटरचा रस्ता कोठे पळून जात नाही.

जयभीम!