मुंबईनें पुण्यास कसें नमवावें?



शाळेच्या वार्षिक अंकासाठीं 'खेळाविषयीं कांहीं तरी' लिहून द्यावें अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. शिक्षकानें खेळावर लेखणी उचलली कीं शरीरसंपदा, शिस्त, संघभावना हे विषय ओघानेंच येतात. परंतु ते तुम्हीं निबंधाच्या वह्यांत इतक्या वेळां उतरविले आहेत कीं तुम्हांस लिहिण्याचा व आम्हांस तपासण्याचा सारखाच कंटाळा आला असला पाहिजे. म्हणून आम्ही एका सामन्यापुरतेंच बोलणार आहों. २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीग या व्यावसायिक स्पर्धेच्या येत्या हंगामांत यू मुंबा व पुणेरी पलटण या दोन संघांची गांठ पडेल. त्या दिवशीं मुंबईनें काय केलें असतां तिचा जय होईल, एवढाच आमचा विषय. आम्ही मुंबईच्या पक्षाचे आहों हें आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे आमच्याकडून समतोल न्यायाची अपेक्षा कोणी करणार नाहीं.

गारगोटीच्या माणसानें मुंबईचा कैवार घ्यावा याचें तुम्हां मुलांस नवल वाटतें. आठवीच्या वर्गांत आम्हीं हात वर करावयास सांगितले, तेव्हां पुण्याच्या बाजूनें जवळजवळ सारा वर्ग व मुंबईच्या बाजूनें तिघे, असा कौल पडला. आणि त्या तिघांपैकीं एकास प्रश्न नीट ऐकूं आला नव्हता. मुलांचें एका अर्थीं बरोबर आहे. मुंबईनें विजेतेपद मिळविलें तें २०१५ सालीं, बंगळूरच्या संघास ३६-३० असें हरवून. तेव्हां हीं मुलें पाळण्यांतून नुकतीं उतरलीं होतीं. उलट पुण्यानें १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणाच्या संघावर २८-२५ अशी मात करून चषक घेतला, तो त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. आणि २०२५ च्या अंतिम सामन्यांत तोच संघ दिल्लीपुढें अवघ्या तीन गुणांनीं हरला. जिंकणाऱ्याच्या मागें धांवावें हा बालस्वभावच आहे.

पण आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतील माणूस कित्येक पिढ्या पोटासाठीं मुंबईस जात असे. आमचे वडील परळच्या एका कापडगिरणींत साच्यावर काम करीत. गांवकऱ्यांनीं मिळून घेतलेली एक खोली, तींत पाळीपाळीनें निजणारीं पंधरा-वीस माणसें, जेवण खाणावळींत, आणि पाळी सुटली कीं चाळीपुढील मोकळ्या जागेंत हुतूतू, असा त्यांचा दिनक्रम. कबड्डी हें नांव त्या वेळीं आमच्या घरांत कोणी घेत नसे. लालबाग-परळच्या मातींत हा खेळ वाढला तो अशा माणसांच्या पायांखालीं. १८ जानेवारी १९८२ पासून गिरणीकामगारांचा संप झाला, आणि त्यानंतर हजारों कामगारांस गिरणीचें दार पुनः उघडलें नाहीं. वडील ट्रंक घेऊन गारगोटीस परत आले तेव्हां आम्ही अगदीं लहान होतों. त्यांनीं मुंबईहून आणलेल्या वस्तूंपैकीं आज घरांत एक पितळी डबा व हा खेळ एवढेंच शिल्लक आहे. गिरण्यांच्या जागेवर आतां उंच मनोरे उभे आहेत. गांवची ती खोलीहि विकली गेली. मग मुंबईचें नांव अंगावर घेऊन सात गडी मैदानांत उतरले म्हणजे आम्हांस पक्ष निवडावयाचा राहतच नाहीं. तुमचे थोरले भाऊ मात्र रात्रीच्या गाडीनें पुण्यास जातात. कोणी चाकणला, कोणी पिंपरी-चिंचवडला कारखान्यांत आहे. ज्या शहरांतून घरीं पैसे येतात त्या शहराचा संघ आपला, हा व्यवहार आमच्या वेळींहि होता आणि तुमच्या वेळींहि आहे.

असो. पक्ष कोणताहि असो, प्रतिपक्षाचें बळ ओळखल्यावांचून डाव मांडतां येत नाहीं. पुण्याचा २०२४ चा विजय नीट आठवून पाहा. कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यांतील. त्याच्या जोडीस मोहित गोयत व पंकज मोहिते. आणि पकडीस इराणचा शादलू. यांपैकीं कोणीहि एक बाहेर बसला तरी पुण्याचा खेळ मोडत नसे. आतां आमच्याच जिल्ह्याचें उदाहरण घ्या. चंदगड तालुक्यांतील सिद्धार्थ देसाई २०१८ सालीं मुंबईकडून प्रथमच उतरला आणि एका हंगामांत त्यानें चढाईचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले. त्या दिवसांत गारगोटीच्या बाजारांत दुसरा विषय नव्हता. तरी मुंबईस विजेतेपद मिळालें नाहीं. पुढील वर्षीं तेलुगू टायटन्स संघानें त्यास लिलावांत १ कोटी ४५ लक्ष रुपयांस घेतलें, आणि मुंबईनें एका माणसावर बांधलेली सारी इमारत त्याच्याबरोबर निघून गेली. लिलावाच्या या रीतीमुळेंच आम्ही येत्या सामन्याविषयीं खेळाडूंचीं नांवें घेत नाहीं. आज मुंबईचा म्हणून ज्याची वाखाणणी करावी तो उद्यां पुण्याच्या बाजूनें चढाई करतांना दिसावयाचा. इराणच्या फजल अत्राचलीनें मुंबईचें नेतृत्व केलें आणि पुढें २०२२ सालीं पुण्याचेंहि केलें!

मुंबईनें सर्वांआधीं मोह आवरावा तो बोनस गुणाचा. हें समजण्यास खेळाचा मूळ नियम पाहिला पाहिजे. जुन्या हुतूतूचे तीन प्रकार होते. 'अमर' प्रकारांत बाद झालेला गडी मैदान सोडीतच नसे, नुसता गुण मोजला जाई. 'गामिनी'त बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. तिसरा 'संजीवनी': प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला कीं आपला एक गडी जिवंत होऊन आंत येतो. आजची कबड्डी ही या संजीवनीचीच संतति आहे. परंतु बोनसच्या गुणानें कोणी जिवंत होत नाहीं, ही गोष्ट पुष्कळ प्रेक्षकांच्या आणि कधीं कधीं खेळाडूंच्याहि ध्यानांत राहत नाहीं.

समजा, मुंबईचे तीन गडी बाहेर बसले आहेत, चार आंत आहेत, आणि पुण्याचे सातहि गडी उभे आहेत. मुंबईचा चढाईपटू गेला, बोनस रेषा ओलांडून परत आला. फलकावर एक गुण चढला, टाळ्या पडल्या. आंत मात्र चाराचे चारच. आतां दुसरा एखादा गेला आणि त्यानें बोटभर स्पर्श करून एक गडी टिपला. फलकावर गुण तितकाच. पण मुंबईचे पांच झाले व पुण्याचे सहा राहिले. तीन गड्यांचें अंतर एकावर आलें! पहिल्या चढाईनें गुण आणला, दुसरीनें गुण आणला आणि सोबतीहि आणला. पुण्यासारख्या, सात माणसांच्या जोरावर खेळणाऱ्या संघापुढें चौघांनीं उभें राहणें म्हणजे गळक्या छपराखालीं आषाढ काढणें होय. एखादा चौकस विद्यार्थी येथें म्हणेल कीं २०१५ च्या विजयाचा कर्णधार अनुप कुमार हा तर बोनस घेण्यांतच निष्णात होता. होता, आणि आपले सातहि जण आंत असतांना बोनस घेण्यांत शहाणपणच आहे, कारण तेव्हां जिवंत करावयास बाहेर कोणी नसतें. बाहेर बांकावर आपली माणसें बसलीं असतां बोनस घेऊन हंसत परतणारा चढाईपटू आम्हांस मुळींच आवडत नाहीं. घरीं भाऊ उपाशी असतांना बाजारांत जिलबी खाणाऱ्यांतला तो प्रकार आहे.

आतां पकडीकडे वळूं. आमच्या कोल्हापुरी मुलांच्या अंगांत कुस्ती भिनलेली असते, आणि तीच त्यांस कबड्डींत नडते. कुस्तींत प्रतिस्पर्ध्यास आधीं हात घालावा आणि मग डाव शोधावा हें चालतें. कबड्डींत हात घातला आणि गडी निसटला तर तुम्ही बाद, आणि तुमच्या साह्यास जो जो धांवून त्यास झोंबला असेल तोहि बाद. वेदगंगेच्या कांठीं उन्हाळ्यांत वडील आम्हां पोरांस खेळवीत, तेव्हां त्यांचें एकच सांगणें असे: "एकट्यानं पकडाय जाऊ नगंस. साखळी धर आन् वाट बघ." ही वाट बघणें मुंबईच्या कोपऱ्यावरील रक्षकांनीं शिकलें पाहिजे. चढाईस वेळ असतो तीस सेकंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. कोणास स्पर्श केल्यावांचून परतावयाचें असेल तर ती तरी ओलांडलीच पाहिजे, नाहीं तर चढाईपटू स्वतःच बाद. म्हणजे आंत येण्याची गरज त्यास आहे. त्यानें पहिल्या दोन चढाया रिकाम्या घालविल्या तर घालवूं द्याव्या. लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या कीं तिसऱ्या चढाईंत त्या संघानें गुण आणलाच पाहिजे. न आणल्यास चढाईपटू बाद होतो व गुण आपणांस मिळतो. त्या तिसऱ्या चढाईस पुण्याचा गडी येईल तेव्हां घड्याळ त्याच्या छातीवर बसलेलें असेल. विसाव्या सेकंदापर्यंत तो खोल शिरला नसेल तर पुढें शिरावेंच लागेल, आणि तोंवर मुंबईच्या डाव्या कोपऱ्यानें जागचें हलूं नये. तो शिरला, पाय लांबला, कीं घोट्यास हात. आणि त्याच क्षणीं साखळीनें मध्यरेषेची वाट बंद. कोपरा एकटा गेला तर पुण्याचा गडी त्यास घेऊन घरीं जाईल.

पुण्याचे तीनच गडी उरले म्हणजे मुंबईच्या पाठीराख्यांस उमाळा येतो. 'लोण चढवा, लोण चढवा' असा घोष सुरू होतो. लोणाचे दोन गुण जास्त मिळतात हें खरें. पण नेमकी हीच वेळ धोक्याची आहे. आंत तीन किंवा त्याहून कमी गडी असतां त्यांनीं पकड साधली तर तिला अव्वल पकड म्हणतात व तिचे दोन गुण होतात. आपण एका गुणासाठीं जावें आणि दोन देऊन यावें, शिवाय त्यांचा एक गडी जिवंत व्हावा, असा हा व्यापार आहे. मुंबईनें येथें चढाईची घाई करूं नये. पहिल्या दोन चढायांत निदान रेषा ओलांडून स्वस्थ परत यावें. मध्यंतरीं पुण्यासहि चढाई करावी लागतेच, आणि ती त्या तिघांपैकींच एकास. तो मुंबईच्या सात जणांत एकटा येईल. त्यास तेथें धरावें. मग आंत दोनच राहतील. लोण परक्या अंगणांत जाऊन चढविण्यापेक्षां आपल्या अंगणांत बसून चढविणें सोपें, ही गोष्ट आम्हीं टेलिव्हिजनवर किती तरी सामन्यांत पाहिली आहे आणि किती तरी सामन्यांत ती न केल्यामुळें हातचा डाव गेलेलाहि पाहिला आहे. मुंबईवर तीन गड्यांची पाळी आली तर हाच हिशेब उलट करावा: घाबरूं नये, पुण्याच्या चढाईपटूस आंत येऊं द्यावें, आणि दोन गुणांची ती पकड साधावी.

शेवटच्या पांच मिनिटांविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं. आघाडी असेल तर प्रत्येक चढाईस तीसांपैकीं सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद घ्यावे. पिछाडी असेल तर वरील सर्व उपदेश गुंडाळून ठेवून सर्वांत वेगवान मुलास पाठवावें. आमचा स्वतःचा होरा विचाराल तर मुंबई तीन किंवा चार गुणांनीं जिंकेल. आठवीच्या वर्गानें हा आंकडा फळ्याच्या कोपऱ्यांत खडूनें लिहून ठेवला असून सामना होईपर्यंत तो पुसूं नये असें शिपायास बजाविलें आहे.

एक अडचण उरते. वसतिगृहाचे दिवे साडेनऊस मालवतात. सामना आठ वाजतां असेल तर तो सबंध पाहूं देण्याचें वसतिगृहाच्या प्रमुखांनीं कबूल केलें आहे. परंतु रात्रीं दोन सामने ठेवून हा नऊचा केला गेला तर पहिलीं वीस मिनिटेंच पाहावयास मिळतील. मध्यंतरास गुणफलक काय असेल तो पाहून निजावें लागेल, आणि निकाल सकाळीं दूधवाल्याकडून कळेल. त्याचे दोन्ही मुलगे चाकणला आहेत, आणि मुंबई हरली असेल तर तो रोजच्यापेक्षां लवकर येईल.