सोने मोजले, माणसे कोणी मोजली?

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरतात, बोटे दाबतात, माना हलवतात आणि सौदा होतो. त्याआधी बैलाचे दात मोजून झालेले असतात. खांदा, खूर, चाल सारे पाहिलेले असते. बैल कोणाचा, कोणत्या गावचा, हे चारचौघांना ठाऊक असते.

याच गावात दुसराही एक हिशोब चालतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम येतो आणि विचारतो, "औंदा तुमच्या वस्तीतून किती कोयते?" नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, खाडा कोयत्यावर पडतो. नाव मुकादमाच्या वहीत असले तर असते. बीड जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला यात वेगळे काही वाटत नाही. आम्हालाही वाटत नव्हते. मुंबईच्या एका फेरीने ते वाटायला लावले, म्हणून हा लेखनप्रपंच.

यंदा ऊसतोडीवरून माणसे परतली तशी आम्ही सातजणांनी ठरवले की, बाबासाहेबांची जयंती या वेळी दादरला चैत्यभूमीवर करायची. आमच्यात ऊस तोडून हाताला घट्टे पडलेल्या आत्याबाई होत्या, दोन मामा होते आणि दहावीची परीक्षा दिलेली भाची होती. नेकनूरहून मांजरसुंबा, तिथून रात्रीची एस.टी., नगर, पुणे करीत उजाडता उजाडता मुंबई. भाकरी-चटणीचे गाठोडे आत्याबाईंच्या मांडीवर होते.

अभिवादन करून बाहेर पडलो तेव्हा भाची म्हणाली, "मामा, आज अग्निशमन दिनसुद्धा असतो. शाळेत फलक लावतात. पण आजच का, ते कुणी सांगत नाही." आम्हालाही सांगता आले नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका मुंबईकर बंधूंनी सांगितले, "गोदीत स्फोट झाला होता, त्याचा हा दिवस. भायखळ्याला जा, स्मारक आहे." आम्ही दादरहून लोकल धरली.

भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारकावर फुले वाहिलेली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत आग विझवताना दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीसाठी देशभर हा दिवस पाळला जातो. आम्ही हात जोडले. तिथून मशीद बंदर स्टेशनला उतरलो आणि गोदीच्या भिंतीपर्यंत चालत गेलो. आत परवान्याशिवाय सोडत नाहीत. भिंतीच्या कडेने ट्रक आणि हातगाड्यांची गर्दी. सावलीत बसून गाठोडे सोडले आणि त्या दिवसाविषयी जे वाचले होते, ऐकले होते, ते एकमेकांना सांगू लागलो.

दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि लढाऊ विमाने. त्यासोबत सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या होत्या. एका पेटीत ४ विटा, म्हणजे एकूण १२४ विटा. कराचीला काही माल उतरला आणि त्या जागी कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरल्या. वर लाकूड, तेलाची पिंपे असलाही माल होता. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात ठेवू नये, हे आपल्याकडच्या जिनिंगवरच्या हमालालाही कळते. पण युद्धाची घाई. जहाज १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास कापसाने पेट घेतला. बंब आले. शेकडो टन पाणी ओतले, पण आतली धग कमी होईना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्याचा हादरा सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्याच्या यंत्रांवर उमटला. १३ जहाजे गेली. ५० हजार टनांहून जास्त धान्य नष्ट झाले. पेटता कापूस वस्त्यांवर पडला आणि आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. पुढे ८,००० माणसे सात महिने राबली, पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा उपसला, तेव्हा गोदी पुन्हा चालू झाली.

आणि सोने? त्या विटा हवेत उडाल्या. एक वीट मैलभर अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून पडली. त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. बाकीच्या चिखलात रुतल्या. गोदीचा गाळ काढताना १९७० च्या दशकापर्यंत विटा सापडत होत्या. १२४ पैकी बहुतेक साऱ्या परत मिळाल्या.

भाची बोटांवर हिशोब करीत होती. तिने विचारले, "आणि माणसं किती गेली?"

इथे आमची बोटे थांबली. गोदीशी संबंधित २३१ माणसे गेली, हा आकडा मिळतो. त्यातच ते ६६ जवान. आसपासच्या वस्त्यांतली पाचशेहून अधिक. कोणी एकूण आठशे म्हणते, कोणी तेराशे. म्हणजे दोन अंदाजांत पाचशे माणसांचा फरक! युद्धामुळे बातम्यांवर बंधने होती, हे खरे. पण पेट्या, विटा आणि गाठी मात्र आकड्यानिशी सांगता येतात.

कारण साधे आहे. मालाला कागद असतो. बंदरातून निघताना यादी, उतरताना यादी. गोदीतल्या मजुराला त्या काळी कसला कागद होता? टोळीवाला सकाळी दरवाजावर माणसे निवडायचा. आज हा, उद्या तो. काम मिळाले तर मजुरी, नाही तर माघारी. फुटपाथवर झोपणाऱ्या हमालाचे नाव कोणत्या वहीत शोधायचे?

हे मुंबईतच घडले असे नाही. त्याआधी दीड वर्ष, नोव्हेंबर १९४२ मध्ये 'तिलावा' हे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले होते. जहाजावर ९५८ माणसे, बहुतेक भारतीय. तळाशी दक्षिण आफ्रिकेसाठी चांदीच्या २,३६४ विटा. २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने ते बुडवले. २८० माणसे गेली. चांदी समुद्रात सुमारे अडीच किलोमीटर खोल पडली होती. २०१७ मध्ये ती वर काढली गेली. ती कोणाची यावर खटला झाला आणि २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चांदीला वारस मिळाले, वकील मिळाले. बुडालेल्या माणसांच्या नातलगांनी मात्र मुंबईत एकत्र येऊन पहिले स्मरण केले ते २०२२ मध्ये, ऐंशी वर्षांनी.

१४ एप्रिल १९४४. त्या दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षे पूर्ण झाली होती आणि ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. कामगाराला मालाच्या हिशोबातून काढून माणसाच्या हिशोबात आणायचे, हाच त्यांचा त्या खात्यातला खटाटोप होता. कामाचे तास आठ असावेत, यासाठी त्यांनी १९४२ च्या मजूर परिषदेत आग्रह धरला होता. पुढे १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि त्यांची नोंद ठेवण्याची सोय झाली. टोळीवाल्याच्या मर्जीवर जगणाऱ्या हमालाचे नाव सरकारी पटावर चढू लागले.

आत्याबाई इतका वेळ गप्प होत्या. भाकरीचा तुकडा हातात तसाच. त्या म्हणाल्या, "टोळीवाला म्हंजे आपला मुकादमच की रं. अन् मी मेले आस्ते फडात, तर कोयता कमी झाला म्हनले आस्ते."

आमच्यापैकी कोणाला उत्तर सुचले नाही. लिहिता-वाचता येणारे आम्ही चौघे, जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशोब ठेवणारे. पण आमच्या वस्तीतून दरसाल किती बाया आणि किती बाप्ये तोडीला जातात, त्यांची नावे काय, वये काय, लेकरे किती, हे आम्ही एका कागदावर कधी लिहिले नव्हते. दोष केवळ मुकादमाचा कसा म्हणायचा?

परतीच्या एस.टी.त भाचीने वहीचे मधले पान काढले. मांजरसुंबा येईपर्यंत तिने आठवतील तशी नावे लिहून घेतली. पहिले नाव आत्याबाईंचे, नवऱ्याच्या नावासोबत नव्हे, स्वतंत्र ओळीवर. नेकनूरला उतरलो तेव्हा यादीत ४१ माणसे झाली होती. मुकादमाच्या भाषेत ते वीस कोयते आणि एक अर्धा.

बंधूभगिनींनो, ऊसतोड कामगारांच्या नोंदणीची आणि ओळखपत्राची सोय आता सरकारने केली आहे. ग्रामपंचायतीत जा, नाव लिहा, बाईचे नाव वेगळे लिहा. ओळखपत्र मिळायला उशीर होईल, हेलपाटे पडतील. तोवर आपल्या वस्तीची यादी आपणच करा आणि तिची एक प्रत शाळेत, एक विहारात ठेवा. पुढच्या दसऱ्याला मुकादम "किती कोयते?" म्हणून विचारील, तेव्हा त्याच्यापुढे ती यादी धरा.

आमच्या यादीची वही सध्या आत्याबाईंच्या पेटीत आहे. त्यांना वाचता येत नाही, पण पहिली ओळ कोणाची ते त्या बोट ठेवून दाखवतात.