मिलवॉकी : बुटांच्या खोक्यातला तरका

शिकागोहून मिशिगन सरोवराच्या काठाने उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर गेले की मिलवॉकी लागते. अमेरिकेत जाणारे आपले लोक शिकागोची डेव्हन अव्हेन्यू पाहतात, तिथल्या हलाल हॉटेलांत जेवतात आणि परततात. मिलवॉकीला कोणी मुद्दाम जात नाही. आमची भाची तिथे राहते, म्हणून आम्ही गेलो.

जुन्या जर्मन वस्तीचे, दारूच्या कारखान्यांसाठी नावाजलेले हे शहर. पण तिथल्या मशिदीत ज्येष्ठ नमाजींशी बोलताना वेगळेच नाव निघते, करीम अब्दुल-जब्बार यांचे. सात फूट दोन इंच उंचीचा हा बास्केटबॉलपटू 1969 साली ल्यू अल्सिंडर या नावाने मिलवॉकी बक्स संघात आला. इस्लाम त्याने त्याआधीच, विद्यार्थी असताना स्वीकारला होता. 1971 साली त्याने संघाला अजिंक्यपद मिळवून दिले आणि त्याच वर्षी आपले मुस्लिम नाव जाहीरपणे धारण केले. तो ज्या सभागृहात खेळला ते शहराच्या मध्यभागी अजून उभे आहे.

आम्ही गेलो तेव्हा जावईबापूंच्या हाती एक काम आले होते. त्यांच्या मशिदीतले एक वयस्क आफ्रिकी-अमेरिकी नमाजी अल्लाहला प्यारे झाले होते. इद्दत संपल्यावर त्यांच्या बेवांनी बुटांचा एक खोका जावईबापूंकडे दिला. आत बास्केटबॉलची जुनी कार्डे होती. च्युइंगगमच्या पाकिटातून मुलांना मिळत तशी, एका बाजूला खेळाडूचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्याची माहिती. एका ओळखीच्याने सगळा खोका ठोक रकमेला मागितला होता. पण मयताचा माल म्हणजे तरका. मुले असताना बेवाचा हिस्सा आठवा, बाकी मुलांचा. किंमतच ठाऊक नसेल तर वाटणी कशी करायची? म्हणून रविवारी आम्ही सगळे शहराबाहेरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कार्डांच्या बाजारात गेलो.

लांबच लांब टेबले, त्यांवर काचेच्या पेट्या आणि भिंगे घेऊन वाकलेली माणसे. आपल्याकडच्या सराफबाजाराची आठवण झाली. एका पांढऱ्या दाढीच्या व्यापाऱ्याने खोका पाहिला आणि आधीच सांगितले, “मी आज काही विकत घेणार नाही, फक्त पाहून सांगतो.” त्यामुळे आमचा जीव भांड्यात पडला.

पहिले कार्ड 1969-70 च्या टॉप्स कंपनीच्या संचातले, 25 क्रमांकाचे, ल्यू अल्सिंडरचे. त्याचे हे पहिले मोठे कार्ड, म्हणून मागणी जास्त. 99 कार्डांचा तो संच नेहमीच्या साडेतीन इंचांऐवजी पावणेपाच इंचांच्या आसपास उंच आहे. मुले रबर लावून गठ्ठे बांधत, त्यामुळे कडांना खाचा पडत आणि उंच कार्डांचे कोपरे लवकर दुमडत. “किती छापली हा प्रश्न नाही, चांगली किती उरली हा प्रश्न आहे,” व्यापारी म्हणाला. दुर्मीळपणाची याहून सोपी व्याख्या आम्ही ऐकली नव्हती.

मग त्याने चार गोष्टी तपासल्या. कोपरे टोकदार आहेत की गोलावलेले, कडा झिजल्यात का, पृष्ठभागावर ओरखडा, डाग किंवा पेनाची खूण आहे का, आणि चित्र मधोमध आहे की छापताना एका बाजूला सरकले आहे. शेवटचा दोष मुलाच्या हातून होत नाही, छापखान्यातूनच येतो. कार्ड कितीही जपले तरी तो जात नाही. 1991 पासून पीएसए नावाची संस्था अशी कार्डे तपासून 1 ते 10 गुण देते आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. कोणत्या गुणाची किती कार्डे तपासली गेली याचा आकडाही ती देते. पण तोही डोळे मिटून मानू नये. जास्त गुणांच्या आशेने लोक तेच कार्ड पेटीतून काढून पुन्हा पाठवतात आणि ते दोनदा मोजले जाते.

खोक्यातले मायकेल जॉर्डनचे 1986-87 चे फ्लीअर कार्ड पाहून जावईबापू खूश झाले होते. त्या कार्डाची नक्कल फार होते. व्यापाऱ्याने भिंग आमच्या हातात दिले. अस्सल छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांचे, पण काळी अक्षरे सलग शाईची असतात. फोटोवरून केलेल्या नकलेत अक्षरेही ठिपक्यांचीच दिसतात. हे कार्ड नक्कल निघाले. त्याच संचातले ओलाजुवनचे कार्ड मात्र अस्सल होते. त्यावर “अकीम” छापले आहे. “हकीम” हे नाव त्याने 1991 साली धारण केले.

शेजारच्या टेबलावर कोणी सांगत होते की झिजलेली कड पातळ पात्याने कापली तर कार्ड नवे दिसते. आमच्या व्यापाऱ्याने पट्टी लावून दाखवले की कापलेले कार्ड मापात कमी भरते. ते उघड झाले की त्याला गुण मिळत नाहीत. वर सुके धान्य ठेवून ओले खाली लपवणाऱ्या विक्रेत्याला प्यारे नबी (स.) यांनी बाजारातच खडसावले होते, तो प्रसंग आपल्या घराघरांत मुलांना सांगितला जातो. माल बदलतो, फसवणूक तीच राहते.

तळाशी 1972-73 चे कार्ड होते. 1971-72 च्या कार्डावरही कंपनीने अल्सिंडरच छापले होते; टॉप्सच्या कार्डावर “करीम अब्दुल-जब्बार” हे नाव प्रथम इथे आले. भाव विचारला तर व्यापारी हसला. पहिले कार्ड नव्हे, म्हणून अल्सिंडरच्या कार्डापुढे त्याची किंमत बरीच कमी.

घरी येऊन जावईबापूंनी यादी केली. प्रत्येक कार्ड, त्याचे साल, अंदाजे भाव आणि त्यापुढे दोषही. जॉर्डनच्या कार्डापुढे “नक्कल” लिहिले. ठोक मागणाऱ्याला नम्रपणे नकार गेला. अल्सिंडरचे कार्ड गुणांकनाला पाठवून मग विकायचे आणि पैसे हिश्श्याप्रमाणे वाटायचे, असे वारसांनी एकमताने ठरवले.

बेवांनी आपल्या आठव्या हिश्श्यात एकच कार्ड मागून घेतले, 1972 चे. “माझ्या मियाँनी शहादा घेतला तेव्हा हे त्यांच्या खिशात होते,” त्या म्हणाल्या. मुलांनी त्याचा भाव हिश्श्यात धरायला नकार दिला. त्यांनी मात्र तो धरायला लावला.