हिरड्यांचे रक्त आणि साखर

आईचे दात पन्नाशीतच हलू लागले. आम्ही भावंडांनी सगळा दोष मिश्रीला दिला. मिश्री घातकच, पण गुन्हेगार ती एकटी नव्हती. पासष्टीला उरलेले दात काढायला नेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुजलेल्या हिरड्या पाहून विचारले, “मावशी, साखर कधी तपासली?” आम्हाला रागच आला. दात दाखवायला आलो, साखरेचे काय? रक्त तपासले, उपाशीपोटी 240 निघाली!

बाईंनी समजावले ते आम्हाला आजवर कोणी सांगितले नव्हते. साखर वाढलेली असली की हिरडी जंतूंशी नीट लढत नाही, जखम लवकर भरत नाही. मधुमेहींना हिरड्यांचा हा आजार जडण्याचा धोका सुमारे तिप्पट. आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखरही आटोक्यात येत नाही. हिरडीखाली, दातांच्या मुळांपर्यंत सफाई केली तर तीन महिन्यांची साखर साधारण 0.4 ने उतरते, म्हणजे 8.5 ची 8.1. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत.

आता चाळीत कोणी ‘दात घासताना रक्त येते’ म्हणाले, की आम्ही आधी साखर तपासायला पाठवतो. आईचे चार दात वाचले. मिश्रीची डबी तिने कुठे दडवली आहे, ती अजून सापडलेली नाही.