खुंट्या इतक्या खाली का ठोकल्या

वाघोडिया
मार्गशीर्ष

चि. छकुली हिस,


परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं आणि ते फोनवर मावणारं नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. पहिलं तू विचारलंस ते लेकासाठी लाकडी माँटेसरी खेळण्यांचा मोठा संच मागवण्याबद्दल. किंमत ऐकून तुझाच जीव दडपला होता. दुसरं जाता जाता विचारलंस, की वाघोडियाच्या घरात ओसरीवर खुंट्यांची एक रांग माझ्या कमरेच्याही खाली का आहे.

त्या खुंट्या तुझ्या आजीनं ठोकून घेतल्या. सुतार नेहमीच्या उंचीवर खुणा करायला लागला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं. तुझ्या बाबांना भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि बोटं जिथं पोचली त्याच्या चार बोटं खाली खडूनं रेघ मारली. तेव्हा तो तीन वर्षांचा असेल. एक खुंटी त्याच्या सदऱ्याला, एक माझ्या फ्रॉकला, एक शेजारच्या पोराला आणि शेवटच्या खुंटीवर कायम एक कोरडं फडकं. ते फडकं कशासाठी, ते पुढे सांगते.

आजी हे कोसबाडला शिकून आली होती. कोसबाड म्हणजे डहाणूजवळची टेकडी, आता पालघर जिल्ह्यात येते. ताराबाई मोडकांनी तिथं बालवाडी चालवली, बालवाडीच्या शिक्षिकाही तिथंच घडवल्या. आजी साठच्या दशकात गेली. परतली तेव्हा तिच्या पिशवीत चिंचोके, रिठे, सागरगोटे आणि बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले होते. गुंजा मात्र तिनं कधी घरात आणल्या नाहीत. दिसायला सुंदर, पण विषारी, आणि लहान पोर आधी तोंडात घालतं, मग बघतं.

आता जरा मागे जाते. तू ज्या संचासाठी पैसे साठवते आहेस, त्याची गोष्ट तुला माहीत असायला हवी. मारिया माँटेसरी यांनी पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये सान लोरेंझो या मजूरवस्तीत सुरू केलं. आई-बाप कामाला जात आणि मागे राहिलेली पोरं जिन्यांवर धुडगूस घालत, अशी ती वस्ती. म्हणजे ज्या पद्धतीचं साहित्य आज एवढ्या किमतीला विकतात, ती पद्धत गरिबांच्या पोरांमध्ये जन्मली.

आपल्या बाजूला ती आणली गिजुभाई बधेकांनी. ते व्यवसायानं वकील. स्वतःचा मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवायचं या विचारात वाचन सुरू झालं, त्यात माँटेसरीबाईंचं पुस्तक हाती आलं आणि वकिली मागे पडली. १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू केलं. त्यांचं ‘दिवास्वप्न’ मराठीतूनही मिळतं, तू जरूर वाच. त्यातला मास्तर पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पोरं एकच गोंधळ घालतात. मग तो हट्ट सोडतो आणि गोष्ट सांगायला लागतो. पोरं जिथं आहेत तिथून सुरुवात करायची, हे मला त्या एका प्रसंगानं जितकं पटवलं तितकं कुठल्याही प्रशिक्षणानं नाही.

भावनगरला ताराबाई पोचल्या त्या १९२३ च्या सुमारास. मुंबईच्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आणि कडेवरच्या लेकीला एकटीनं वाढवणाऱ्या. त्या काळात! गुजरातीतून शिकवायचं होतं, तर गुजराती आपलीशी केली. १९२६ साली गिजुभाई आणि त्यांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथं शिकल्यासवरल्या घरातली मुलं येत.

खरी कसोटी त्यानंतर लागली. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या आणि शेवटपर्यंत त्या कामात राहिल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली, पाड्यांवरची पोरं तिथवर येईनात. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, गुरांमागे जायचं, अंगावर धड कपडा नाही, ती कशी येणार? मग बाया साहित्य घेऊन पाड्यावर जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात पोरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणं म्हणायचं, गोष्ट सांगायची. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत आणि राखणारी पोरं तिथंच शिकताहेत.

परदेशी साहित्य तिथं परवडणारं नव्हतं, आणि लागणारही नव्हतं. लहान-मोठं ओळखायला खडे होते, गुळगुळीत-खरखरीत ओळखायला पानं आणि साली होत्या, मोजायला बिया होत्या, ओतायला करवंट्या होत्या. माझ्या मते ताराबाईंचं सर्वांत मोठं काम हेच. साहित्य बाजूला ठेवलं तरी विचार उभा राहतो, हे त्यांनी करून दाखवलं. पोराला त्याच्या हाताला पोचेल अशी खरी वस्तू द्या, खरं काम द्या, आणि ते होईपर्यंत थांबा. त्यांना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, पण किती मराठी आयांना त्यांचं नाव ठाऊक आहे? मला याचं फार वाईट वाटतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना देशभर ३३ ठिकाणी सुरू केली. गुजरातेतली पहिली जागा छोटाउदेपूर, तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात होतं. पुढे आमच्या तालुक्यातल्या गावांतही त्या योजनेतल्या अंगणवाड्या आल्या आणि मी त्या कामात शिरले ते आजीमुळे. वजनं, नोंदवह्या, सुखडीचं वाटप यांत दिवस जायचा, तरी रोज थोडा वेळ मी बिया आणि खडे काढायचेच. आमची तेडागर बहेन सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची. तिच्याइतकं मुलांचं मन ओळखणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कोण आज रडणार आहे, ते तिला फाटकातूनच कळायचं.

आता घरातलं सांगते, कारण तुला उपयोग त्याचाच आहे. थंडीत बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या की आजी ओसरीवर मोठी परात मांडायची आणि आम्हा पोरांना सोलायला बसवायची. दाणे वाटीत, टरफलं टोपलीत. तुझे बाबा निम्मे दाणे खायचे, तिनं कधी हटकलं नाही. इकडचे लोक त्या दाण्यांना लीलवा म्हणतात. कचोरी झाली की ती सगळ्यांसमोर सांगायची, दाणे कुणी सोललेत ते. दिवाळीत किल्ल्याची माती आम्हीच कालवायची. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी पतंगाच्या दोऱ्याचा गुंता सोडवायचं काम सर्वांत धाकट्याला. त्याला घाई नसते, म्हणून ते त्याला जमतं, असं ती म्हणे. रोज जेवायच्या वेळी पाट, ताटल्या आणि पाण्याची भांडी मांडायची. त्यासाठी दोन बारक्या लोट्या वेगळ्या ठेवलेल्या, पोराच्या मुठीत बसतील अशा. पाणी सांडायचंच. सांडलं की कुणी ओरडत नसे. पोर उठायचं, खालच्या खुंटीवरचं फडकं काढायचं, पुसायचं, फडकं परत टांगायचं. खुंटी वर असती तर दर वेळी मोठ्या माणसाला उठावं लागलं असतं, आणि उठलेलं माणूस दोन शब्द बोलल्याशिवाय राहत नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर तो संच मागवू नकोस. आधी घर त्याच्या उंचीला आण. दाराशी दोन खुंट्या किंवा चिकटणारे हूक खाली लाव, एकाला त्याचा कोट, एकाला टोपी-हातमोजे. बर्फाचे बूट ठेवायला जागा ठरवून दे आणि बूट त्यालाच चढवू दे. तुला सकाळी घाई असते, मान्य. मग दहा मिनिटं आधी निघायची तयारी कर, पण त्याच्या हातातला बूट काढून घेऊ नकोस. स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा कप्पा त्याचा. त्यात त्याची ताटली, वाटी, पेला, दोन डबे आणि त्यांची झाकणं. मटार मिळतात ना तिकडे? सोलायला दे. धुतलेले मोजे जोडीनं लावायला दे. पोळ्या करताना कणकेचा गोळा दे, आणि तो लाटेल ती वेडीवाकडी पोळी भाजून त्याच्याच ताटात वाढ.

एक मात्र नीट ऐक. चिंचोके, हरभरे, मणी यांतलं काहीही तू समोर बसलेली नसताना त्याच्या हाती देऊ नकोस. तीन वर्षांच्या पोराच्या घशात दाणा अडकायला क्षण पुरतो. तोंडात घालायची सवय अजून असेल, तर आत्ता मोठे खडे आणि मोठे शिंपले एवढंच दे, बिया वर्षभरानं.

त्यानं स्वतः काही केलं की लगेच वाहवा करू नकोस. आजी नुसती बघायची आणि पुढचं काम सांगायची. आम्हाला त्यात मान वाटायचा.

जेवताना फोन समोर धरल्याशिवाय तो घास घेत नाही म्हणालीस. त्यावर मला एकच उपाय ठाऊक आहे, तो म्हणजे गोष्ट. आपल्या घरात चिऊ-काऊ होते आणि शेजारून गिजुभाईंचा आनंदी कागडो, म्हणजे कावळा, आणि सात शेपट्यांचा उंदीर यायचे. तुलाही या गोष्टी मीच सांगितल्या आहेत, आठवून बघ. गोष्ट सांगताना त्याला घास भरवू नकोस, त्याच्या हातानं खाऊ दे. तुझा हात मोकळा राहिला की उंदराची शेपटी दाखवायला उपयोगी पडतो.

कोसबाडच्या दोन पुस्तिका आजीच्या पेटीत आहेत, त्यांची पानं मी तुझ्या भावाकडून फोटो काढून पाठवते. अक्षर बारीक आहे, मोठं करून वाच. रविवारी तुझ्या सकाळी फोन लाव आणि पोराला समोर बसव. कागड्याची गोष्ट मी सांगेन, मधल्या जागा तू भर.

तुझी,
आत्या