लर्विकचें विणकाम व एक चुकलेला हिशेब

ॲबर्डीन बंदरांतून सायंकाळीं निघालेली बोट सकाळीं शेटलंड बेटांतील लर्विक गांवास लागली. करड्या दगडांचीं घरें, वृक्षहीन टेकड्या आणि त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या हेंच येथील प्रथमदर्शन. पूर्वीं येथील स्त्रिया पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालतांनाही विणीत. घोड्याचे केस भरलेला, छिद्रें पाडलेला चामड्याचा पट्टा कमरेस बांधावयाचा व सुईचें एक टोंक त्यांत रोवावयाचें, ही त्यांची युक्ति.

संग्रहालयांत आम्हीं फेअर आइल वीणीचे स्वेटर पाहिले. पुढें आठवे एडवर्ड झालेल्या युवराजांनीं १९२० नंतरच्या दशकांत असा स्वेटर वापरला आणि ही वीण सर्वत्र गाजली. एका फेऱ्यांत दोनच रंग, धड गोल विणलेलें. तरी फेरा जेथें संपतो तेथें नक्षी कोठेंही तुटलेली नाहीं!

तें पाहून आम्हांस घरची आठवण झाली. वहिनींनीं विणलेल्या अशाच स्वेटरांत कांखेखालीं चांदणी अर्धवट राहिली होती. आम्हीं सर्वांनीं तो हाताचा दोष ठरवून थट्टा केली. तेव्हांपासून त्यांच्या सुया पेटींतून बाहेर आल्या नाहींत.

दोष हाताचा नव्हता, हिशेबाचा होता. त्यांची कमरेची उलट-सुलट पट्टी २५० टाक्यांची, नक्षी २४ टाक्यांची. दहा चांदण्यांस २४० टाके लागले. उरलेल्या १० टाक्यांत अकरावी मावणार कशी? तिला २६४ टाके हवेत; म्हणजे पट्टी संपतांच, नक्षीपूर्वीं, १४ टाके वाढवावयास हवे होते.

२५० ला १४ नीं भागिल्यास १७ येतात व १२ उरतात. ते १२ शेवटीं तसेच सोडले, तर वाढ एकीकडे कमी पडून वीण ओढते. म्हणून ते एकेक करून बारा भागांत वाटावे: १८-१८ टाक्यांचे सहा भाग, मग १७ चा एक, आणि पुन्हा तसेंच. प्रत्येक भागानंतर, दोन टाक्यांमधील आडवा धागा उचलून पिळून विणला कीं नवा टाका पडतो व भोंकही राहत नाहीं.

त्याच रात्रीं आम्हीं हा हिशेब वहिनींस पत्रानें कळविला. आरंभीं क्षमा मागितली. सोबत येथील लोकर धाडली आहे. पेटी उघडली कीं नाहीं, हें घरीं परतल्यावर कळेल.