क्यूचे टोक



या अंकात अभ्यासाऐवजी एका काठीविषयी लिहितो आहे. बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे खेळ ज्या काठीने खेळतात, तिला क्यू म्हणतात. गेल्या वर्षी आपल्या नववीतल्या एका मुलाने क्यू घेण्याआधी माझा सल्ला विचारला. मी दिला, आणि तो चुकला.

हा मुलगा सुट्टीच्या दिवशी सांबऱ्याहून बेळगावात मामांकडे जातो आणि तिथे स्नूकर खेळतो. "पार्लरमध्ये जातो" अशी तक्रार आल्यावर मी त्याला रागवायला बोलावले आणि गप्पांतच रमलो. कारण माझे कॉलेज जबलपूरचे. स्नूकरचा जन्म तिथल्याच लष्करी छावणीत १८७५ मध्ये झाला, असे मानतात. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याला त्याचे श्रेय देतात. (हे म्हणजे इंग्लंडचे पंतप्रधान नव्हेत. इतिहासाच्या पेपरात तसे लिहू नका!) पण मी स्वतः पुढे जे थोडेफार खेळलो, ते पूल. त्याच जोरावर मी सांगून टाकले, "जाड टोकाची घे, हात थोडा चुकला तरी सांभाळून घेते."

त्याचे वडील सुतारकाम करतात. त्यांनी दिवाळीच्या कामाचे पैसे बाजूला ठेवून मेपलची क्यू आणून दिली. दोन महिन्यांनी मुलगा एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. मला म्हणाला, "माझाच हात बसंना झालाय, सर."

मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी मी त्याला क्यू आणि एक चेंडू घेऊन प्रयोगशाळेत बोलावले. व्हर्नियर कॅलिपर लावला. टोक १३ मिलिमीटर, चेंडू साडेबावन्न. तिथेच माझी चूक लक्षात आली. पूलचा चेंडू सुमारे ५७ मिलिमीटरचा आणि वजनदार असतो, म्हणून त्या क्यूचे टोक बहुधा १२ ते १३ मिलिमीटर ठेवतात. स्नूकरचा चेंडू लहान, तेव्हा त्याला साडेनऊ-दहाचे टोक बरे पडते. बिलियर्ड्स खेळणारे काही जण याहून किंचित जाड पसंत करतात. जाड टोक लहान चेंडूवर टेकवले की नेमके कुठे लागणार तेच नजरेला दिसत नाही. मध्याच्या केसभर डावीकडे मारायचे असेल, तर ते मध्यावरच लागते.

मग काठीचीही चौकशी केली. स्नूकरवाले बहुधा अॅश लाकूड घेतात. त्याच्या रेषा टोकाकडे बाणासारख्या दिसतात आणि नेम धरायला उपयोगी पडतात. काठी सरळ आहे का, हे पाहायला ती सपाट टेबलावर लोळवावी. टोक उड्या मारू लागले, तर ती घेऊ नये. टोकावरचे चामडे सपाट नको, त्याला छोट्या नाण्याच्या कडेसारखी गोलाई हवी. हे सगळे मी आधी विचारायला हवे होते. मी विचारले पैसे गेल्यावर.

वडिलांची माफी मागायला मी घरी गेलो. ते क्यू डोळ्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "लाकूड हाय न्हवं, सर? कमी करायला येतंय की."

चार संध्याकाळी त्यांनी पॉलिश पेपरने ती काठी टोकापासून मागे हातभर निमुळती केली. घाई अजिबात नाही. थोडे घासायचे, पोराच्या हातात द्यायचे, परत घ्यायचे. उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याने बारीक पितळी कडी करून दिली. टोक दहावर आणून त्यांनी हात थांबवला.

विश्वस्त मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला विचारले, "हा खेळ सभ्य मुलांचा का?" मी त्यांना पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांचे नाव सांगितले. १९५८ मध्ये कलकत्त्यात ते बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता होणारे ते पहिले भारतीय, आणि १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचा, वाढला मात्र बेंगळुरात. त्यामुळे आपल्या सीमाभागात तरी त्याच्यावर कोणाची तक्रार असू नये.

मुलगा आता दहावीत आहे. परीक्षेपर्यंत फक्त रविवारी खेळायचे, असे वडिलांशी ठरले आहे. प्रयोगशाळेतला व्हर्नियर मात्र त्याने अजून परत केलेला नाही.